खारघरच्या उतारावर बॉल डावीकडे का पळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, वय 52, उजव्या हाताने खेळता, दीड वर्ष झालं गोल्फ सुरू करून. सरावाच्या रेंजवर मॅटवरून तुमचा सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) 140 यार्ड सरळ जातो. रविवारी पहाटे खारघरच्या गोल्फ कोर्सवर आलात की तोच क्लब, तोच स्विंग, पण बॉल पायांपेक्षा जरा उंचावर असला की थेट डावीकडच्या झुडपात. उतरत्या जमिनीवरून नाइन आयर्न मारला की ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक गवताची जागा) ओलांडून पार मागे. एका दुकानात तुम्हाला सांगितलं की आयर्नचा लाय अँगल, म्हणजे दांडीचा जमिनीशी होणारा कोन, बदलून घ्या. आता तुम्ही विचारताय की तो बदलू, स्विंग दुरुस्त करू की एखादा हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्यामधला, जाड तळाचा क्लब) विकत घेऊ.

लाय अँगल बदलू नका. सपाट मॅटवर सरळ जाणारा क्लब वाकवून घेतलात तर तो मॅटवरही वाकडा जाईल, आणि खारघरला जिथे बॉल पायांच्या खाली असेल तिथे दुप्पट वाकडा. स्विंगही सध्या राहू द्या. जमीन तिरकी आहे आणि तुम्ही तिच्यावर सपाट जमिनीसारखे उभे राहताय, सपाट जमिनीसारखाच नेम धरताय. दुरुस्ती तिथे करायची आहे. हायब्रिडचं शेवटी बोलू.

मी आता शिकवतो, पण या खेळात आलो ते चेंबूरला शाळकरी वयात कॅडी म्हणून. कॅडीचं खरं काम बॅग उचलणं नसतं, बॉल कुठे पडला ते बघणं असतं, कारण हरवला तर बोलणी त्याला बसतात. दोन-तीन वर्षं लोकांच्या मागे उभं राहून बघितल्यावर शॉट मारायच्या आधीच कळायला लागलं की हा डावीकडे जाणार, हा टॉप होणार, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर लागणार. त्यासाठी स्विंग बघावा लागत नव्हता. पाय कुठे आहेत आणि बॉल कुठे आहे एवढं दिसलं की पुरे. आजही शिकवताना मी आधी गुडघ्याखालीच बघतो.

आता डावीकडचं कोडं. घरातलं एक ताट घ्या आणि ते क्लबचा चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, आहे असं समजा. समोरच्या भिंतीकडे तोंड करून ताट दोन्ही हातांत धरा, वरची कड थोडी स्वतःकडे झुकवा. हा झाला लॉफ्ट. ताट समोर आणि वर बघतंय. आता त्याची उजवी कड वर उचला. ताट वर बघता बघता डावीकडे बघायला लागलं ना? बॉल पायांच्या वर असतो तेव्हा क्लबचं टोक असंच वर उचललं जातं. तुम्ही चेहरा झेंड्याकडे धरलाय असं तुम्हाला वाटत असतं, प्रत्यक्षात तो डावीकडे वळलेला असतो. आता ताट अगदी उभं धरा, जराही न झुकवता, आणि पुन्हा उजवी कड उचला. या वेळी ते कुठेच वळत नाही, जागच्या जागी फिरतं. म्हणजे लॉफ्ट जितका जास्त, तितकं हे वळण जास्त. लोकांना नेमकं उलटं वाटतं. वेज म्हणजे छोटा, सोपा, हातात राहणारा क्लब, म्हणून बॉल उंचावर असला की ते वेज काढतात आणि सगळ्यात जास्त डावीकडे जातात.

आकडे हवे असतील तर हे शाळेतल्या त्रिकोणमितीनेच निघतात. जमीन 5 अंश तिरकी असेल तर 46 अंशांच्या पिचिंग वेजचा चेहरा साधारण 5 अंश डावीकडे वळतो. 100 यार्डांवर तो फरक 9 यार्डांचा. 33 अंशांचा सेव्हन आयर्न 3 अंशांच्या थोडा वर, म्हणजे 140 यार्डांवर सुमारे 8 यार्ड. 22 अंशांचा हायब्रिड फक्त 2 अंश. सगळ्यात लांब मारायचा ड्रायव्हर जेमतेम 1 अंश. उतार दुप्पट झाला की हे सगळं दुप्पट. 10 अंशांच्या उतारावरून 90 यार्डांचा वेज मारलात आणि नेम झेंड्यावरच ठेवलात, तर बॉल 16 यार्ड डावीकडे पडायला हवा. तुमचं झुडूप तिथेच असणार.

5 अंश म्हणजे किती हे डोळ्यांना कळायला हवं. तुमच्या बिल्डिंगच्या दारात व्हीलचेअरसाठी रॅम्प असेल आणि तो नियमाप्रमाणे 1:12 बांधलेला असेल, तर तो जवळपास 5 अंशांचाच असतो. दिसायला काहीच नाही. त्यावरून आपण मोबाइल बघत उतरतो. कोर्सवर याचं माप सोपं आहे: सेव्हन आयर्न घेऊन उभे राहिलात आणि बॉल तुमच्या बुटांच्या तळव्यापेक्षा दोन इंच वर असला, तर उतार 5 अंशांच्या आसपास. चार इंच वर असला तर 10. मी शिकायला येणाऱ्यांना महिनाभर फक्त हा अंदाज करायला लावतो. बॉल मारायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, दोन इंच वर, तीन इंच खाली. सुरुवातीला सगळे कमी सांगतात, कारण डोंगराच्या पायथ्याशी डोळा फसतो. खारघरचा कोर्स सिडकोने डोंगरांच्या कुशीत बांधलाय. मागे एवढे उंच कडे दिसत असताना पायाखालची दोन इंचांची तिरकस जमीन सपाट भासते. तिथे डोळ्यांवर नाही, पायांच्या तळव्यांवर विश्वास ठेवा. डोळे मिटून उभं राहा. वजन टाचेकडे जातंय की चवड्याकडे, ते लगेच कळतं.

मग बॉल वर असताना करायचं काय? ताठ उभं राहा, नेहमीपेक्षा कमी वाका, कारण बॉल तुमच्या जवळ आलेला आहे. ग्रिप इंच-दीड इंच खाली धरा. उतार तुम्हाला मागे टाचांवर ढकलत असतो, म्हणून वजन चवड्यांवर घ्या. गुडघे सैल. लोकलमध्ये दांडी न धरता दारापाशी उभे राहिला असाल तर हे अंगाला शिकवावं लागणार नाही. ठाण्याहून रोज व्हीटीला जाणारा माणूस या बाबतीत परदेशी गोल्फरच्या पुढे आहे. स्विंग आपोआप आडवा होईल, होऊ द्या. तुम्ही क्रिकेटमधून आलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, तर पुल मारताना बॅट कशी कमरेभोवती फिरते ते आठवा. त्याचाच थोडा अंश. आडव्या स्विंगमुळे बॉल हवेत आणखी थोडा डावीकडे वळतो, तोही धरून चाला. पाऊण स्विंगच्या पुढे जाऊ नका. ग्रिप खाली आणि स्विंग आखूड, म्हणून एक क्लब वरचा: सेव्हनच्या जागी सिक्स (आकडा लहान, तितका लॉफ्ट कमी आणि अंतर जास्त). त्यात दुसरा फायदा असा की लॉफ्ट कमी झाला, म्हणजे डावीकडचं वळणही कमी झालं.

आणि नेम उजवीकडे. इथे लोक नेम बरोबर धरतात आणि मग शेवटच्या क्षणी माती करतात. आठ यार्ड उजवीकडे उभं राहिल्यावर मन म्हणतं, अरे झेंडा तर तिकडे आहे. खाली येताना हात झेंड्याकडे वळतात आणि बॉल पुन्हा झेंड्याच्या आठ यार्ड डावीकडे. म्हणून 'झेंड्याच्या उजवीकडे' असा नेम धरू नका. दुसरी ठोस वस्तू शोधा: एखादं झाड, लांबची टॉवरची कड, डोंगरातली घळ. त्या क्षणापुरता तोच झेंडा. मी कॅडी असताना एक वयस्कर साहेब होते, ते अशा शॉटला मला विचारायचे, "बोल, कुठलं झाड?" मी झाड दाखवायचो आणि ते झेंड्याकडे पुन्हा बघायचेच नाहीत. हँडिकॅप 20 असलेला, म्हणजे मध्यमच खेळणारा माणूस, पण उतारावरून त्यांचा बॉल मी फार वेळा शोधल्याचं आठवत नाही.

अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा बघायला रात्र जागवत असाल तर तिच्या ऑगस्टा कोर्सचा तेरावा होल नीट बघा. डावीकडे वळणारा पार-5 (पाच शॉटमध्ये संपवायचा होल), फेअरवे, म्हणजे मधली कापलेल्या गवताची पट्टी, उजवीकडून डावीकडे उतरतो. उजव्या हाताच्या खेळाडूला दुसरा शॉट बॉल पायांच्या वर असताना मारायचा असतो आणि ग्रीनच्या पुढे ओढा.  जगातले सगळ्यात चांगले खेळाडू तिथे मिनिट मिनिट उभे राहून पायांची जागा बदलतात. आपण दहा सेकंदांत मारून मोकळे होतो.

आता तुमचा दुसरा त्रास: उतारावरून मारलेला नाइन आयर्न ग्रीनच्या मागे जाणं. इथे जमीन झेंड्याच्या दिशेने खाली जातेय, डावा पाय खाली आणि उजवा वर. 41 अंशांचा नाइन आयर्न 5 अंशांच्या उतारावर 36 अंशांचा होतो, म्हणजे तुमच्या हातात एट आयर्नपेक्षाही थोडा पुढचा क्लब आहे. बॉल खालून जातो, पडल्यावर थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन भाजून कडक झालेली असते तेव्हा तर तो ग्रीनवर टप्पा घेऊन रस्त्यावर सोडलेल्या गोटीसारखा पळतो. तेव्हा नाइनच्या जागी वेज घ्या आणि बॉल ग्रीनच्या पुढे पडून घरंगळत जाईल असा हिशोब करा. ग्रीनच्या समोर बंकर असेल तर गोष्ट वेगळी. मग ग्रीनच्या मागच्या बाजूला बॉल गेला तरी चालेल असं आधीच ठरवा.

पण तुमच्या बाबतीत अंतरापेक्षा मला काळजी आहे ती क्लब आधी जमिनीला लागण्याची. उतारावर बॉलच्या मागची जमीन बॉलपेक्षा उंच असते. बॉलच्या 10 सेंटिमीटर मागे, 5 अंशांवर, जवळजवळ 1 सेंटिमीटर उंच. मॅटवर क्लब थोडा आधी टेकला तरी तो घसरत पुढे जातो आणि बॉल नीटच लागतो, म्हणून रेंजवर ही चूक कधी दिसतच नाही. मॅट लबाड असते. गवतावर तोच क्लब रुतला तर फॅट, उसळला तर बॉलच्या डोक्यावर, म्हणजे टॉप. तुमचे काही शॉट ग्रीनच्या पार गेले ते लॉफ्टमुळे, आणि मला शंका आहे की काही असे उसळून बॉलच्या पोटात लागल्यामुळे. कुठला कुठला ते असं ओळखा: शॉट हातांना मऊ वाटला तर लॉफ्टचा, हातात झिणझिण्या आल्या तर दुसरा.

यावर उपाय म्हणजे अंग उताराला समांतर करणं. डावा खांदा खाली जाऊ द्या, उजवा वर. खांद्यांवर काठी ठेवली तर ती जमिनीच्या रेषेत दिसायला हवी. वजन डाव्या पायावर जास्त, आणि स्विंगभर तिथेच. बॉल मधोमध किंवा मधल्यापेक्षा किंचित मागे. मागे जाताना मनगटं लवकर मोडा, नाहीतर क्लब मागच्या चढाला घासतो. आणि बॉल लागल्यावर क्लब उताराच्या रेषेत खाली जाऊ द्या, जणू बॉलच्या मागे धावतोय. हे सगळ्यात अवघड, कारण बॉल खाली खाली जातोय असं दिसलं की प्रत्येकाला तो खालून उचलावासा वाटतो. उचलायला गेलात की शरीर मागे झुकतं आणि मागची उंच जमीन आधी लागते. बॉल वर न्यायचं काम लॉफ्टचं आहे, तुमचं नाही. स्विंग संपल्यावर उजवा पाय पुढे पडला तर पडू द्या, चालत जा. दक्षिण आफ्रिकेचा जुना दिग्गज गॅरी प्लेअर त्याच्यासाठीच ओळखला जायचा. माझे शिकणारे पहिल्यांदा लाजतात, त्यांना वाटतं तोल गेला. पण तोल मागे जाण्यापेक्षा पुढे जाणं शंभर पटीने बरं. या शॉटला बॉल थोडा उजवीकडे जायची प्रवृत्ती असते, म्हणून नेम जरासा डावीकडे.

चढावर बहुतेकांना मजा येते, कारण बॉल उंच उडतो आणि छान दिसतो. फक्त तो पोचत नाही. 5 अंशांचा चढ सेव्हन आयर्नला 38 अंशांचा करतो, म्हणजे एट. म्हणून एक क्लब जास्त, तीव्र चढ असेल तर दोन. इथे एक गल्लत रोज होते: तुम्ही चढावर उभे आहात ही एक गोष्ट, आणि ग्रीन तुमच्यापेक्षा उंचावर आहे ही दुसरी. ग्रीन उंच असेल तर जितके यार्ड उंच, साधारण तितके यार्ड अंतरात मिळवा. दोन्ही एकत्र असतील तर दोन्ही धरा. 140 यार्ड, ग्रीन 8 यार्ड वर, आणि पायाखाली 5 अंशांचा चढ: हा 148 यार्डांचा शॉट आहे आणि त्यावर एक क्लब आणखी. तुमच्याकडे हायब्रिड नसेल तर फाइव्ह आयर्न काढायची वेळ येईल, आणि तुम्ही सेव्हन काढून वीसेक यार्ड अलीकडे राहाल.

चढावर उभं कसं राहायचं यावर शिकवणाऱ्यांमध्येच दोन मतं आहेत. एक म्हणतात खांदे चढाला समांतर करा, वजन उजव्या पायावर, स्विंग चढाच्या रेषेत वर. दुसरे म्हणतात चढात झुका, डाव्या पायावर वजन ठेवा. मी हलक्या चढावर पहिल्या मताचा आणि उभ्या चढावर दुसऱ्या मताचा आहे. येऊरच्या डोंगरवाटेवर कोणी चढताना मागे रेलून चालत नाही, पुढे वाकूनच चालतो. 15 अंशांच्या वर खांदे समांतर करायला गेलात तर पाठीवर पडाल. तिथे चढात झुका, क्लब जमिनीत रुतेल हे मान्य करा, आणि मनगटं सैल ठेवा म्हणजे दुखणार नाहीत. चढावरून बॉल डावीकडे जातो, कारण कंबर वळायला जागा नसते आणि हात पुढे निघतात. नेम थोडा उजवीकडे.

बॉल पायांच्या खाली असला तर सांगण्यासारखं फार नाही, पण करायला हाच सगळ्यात कठीण. पाय रुंद, गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकवा, वजन टाचांकडे, ग्रिप पूर्ण वरपर्यंत. जितके वाकून उभे राहिलात तितकेच बॉल जाईपर्यंत वाकलेले राहा. उठलात की टॉप. यॉर्कर खणून काढताना फलंदाज उभा राहत नाही, तसंच. बॉल उजवीकडे जातो, नेम डावीकडे, स्विंग अर्धा-पाऊण. पन्नाशीच्या गुडघ्यांना हा शॉट आवडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना मी सांगतो की चार इंच खाली असेल तर ग्रीनचा नादच सोडा, फेअरवेवर आणून ठेवा.

प्रत्यक्षात या चारातला एकच असा कधी मिळत नाही. चढही असतो आणि बॉल वरही असतो. त्यात दोन्ही डावीकडे ढकलणारे एकत्र आले तर नेम चांगलाच उजवीकडे. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल तर बरंचसं एकमेकांना खातं. उतारावर आणि बॉल पायांच्या खाली ही सगळ्यात वाईट जोडी. दोन्ही उजवीकडे नेणारे, दोन्हींत टॉपची भीती. तिथे मी स्वतः वेज काढतो आणि सोप्या जागी मारतो. पैसे लागलेले असले तरी.

सराव कुठे करायचा हा तुमच्यासारख्या ठाणेकराचा खरा प्रश्न. महिन्यातून दोनदा ठाणे-बेलापूर रोडची गर्दी टाळून पहाटे पाचला निघायचं आणि कोर्सवर गेल्यावर सराव करायला वेळच नाही. बागेत किंवा तलावपाळीला क्लब फिरवायचा विचारही करू नका, एखाद्या पोराच्या डोक्यात बसेल. घरी एक जुना लाकडी पाट काढा. खाली पायपुसणं घाला म्हणजे फरशीवर सरकणार नाही. डावा पाय पाटावर ठेवलात की चढ, उजवा ठेवलात की उतार. दोन्ही पायांचे चवडे पाटाच्या कडेवर आणि टाचा जमिनीवर, म्हणजे बॉल वर. टाचा पाटावर आणि चवडे खाली, म्हणजे बॉल खाली. हातात क्लबऐवजी छत्री, उलटी धरून. क्लब फिरवलात तर पंखा जाईल आणि घरचे गोल्फ बंद करतील. दहा-दहा वेळा, अगदी सावकाश, स्विंगच्या शेवटी तीन मोजेपर्यंत स्थिर. तीन मोजता आले नाहीत तर स्विंग लांब होता. उतारावर तुमच्या स्विंगची लांबी कुठे थांबवायची ते हा पाट ठरवतो, ताकद नाही. त्या जागेपर्यंतच कोर्सवर मारायचं. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये रॅम्प मोकळा असेल तर तिथेही हेच करता येतं, फक्त लिफ्टची वेळ सोडून.

कोर्सवर शॉटच्या आधी बॉलच्या शेजारी, त्याच उतारावर, दोन सरावाचे स्विंग करा आणि गवत कुठे घासलं गेलं ते बघा. बॉल तिथे असायला हवा. दोन पायांच्या मध्ये बॉल कुठे ठेवायचा याचं पुस्तकी उत्तर मी वर दिलंय, पण खरं उत्तर तुमच्या घासलेल्या गवतात आहे, कारण तुमची कंबर, तुमचे गुडघे आणि त्या दिवशीचा उतार दुसऱ्या कोणाचे नाहीत.

पावसाळ्याबद्दल. पांडवकड्याचा धबधबा पांढरा दिसायला लागला की कोर्स हिरवागार होतो आणि सगळ्यांना खेळावंसं वाटतं. तेव्हा तिरक्या जमिनीवर सगळा हिशोब बदलतो. बॉल घरंगळत नाही, जिथे पडला तिथेच बसतो, म्हणून उतारावरून मारताना पुढे धावेल हे गृहीत धरू नका. गवत ओलं आणि लांब असल्यामुळे क्लबचा चेहरा आणि बॉल यांच्यात पाणी येतं, बॉलला फिरकी मिळत नाही. आणि पाय घसरतात. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी शिकणाऱ्याला उतारावरचा शॉट दाखवायला गेलो. बुटांचे स्पाइक झिजलेले होते, बदलायचे राहिले होते. स्विंगच्या मध्यावर दोन्ही पाय निघाले आणि मी बसलो चिखलात, बॉल तिथेच. तो इतका सभ्य की हसला नाही, आणि त्यानेच मला जास्त लाज वाटली. स्पाइक जूनच्या आधी बदला.

नियम दोन-तीन माहीत असू द्या, कारण उतारावर यांची गरज हमखास पडते. पाय घट्ट रोवायला परवानगी आहे, पण पायाखाली दगड सारून किंवा जमीन खणून सपाट जागा बनवलीत तर दोन शॉटचा दंड. कॅडी मदत म्हणून असं करायला गेला तर थांबवा, दंड तुम्हालाच लागतो. बॉल उतारावर स्वतःहून, वाऱ्याने किंवा गुरुत्वाकर्षणाने हलला तर दंड नाही, तो नव्या जागेवरून खेळायचा. तुम्ही हलवला असेल तर मात्र दंड, म्हणून नाजूक जागी क्लब बॉलच्या मागे टेकवूच नका, गवताच्या वर तरंगता ठेवा. आणि ड्रॉप घ्यायची, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून खेळायची, वेळ आली तर 2019 पासून तो गुडघ्याच्या उंचीवरून. बॉल ठरलेल्या जागेबाहेर घरंगळला तर पुन्हा ड्रॉप, दुसऱ्यांदाही घरंगळला तर दुसऱ्या ड्रॉपला बॉल जिथे पहिल्यांदा जमिनीला लागला तिथे ठेवायचा. आपल्याकडे बरेच लोक खांद्यावरूनच टाकतात अजून.

आता हायब्रिड. घ्या, पण लाय अँगलचे पैसे वाचले म्हणून नाही. चढावर आणि बॉल पायांच्या वर असताना तो तुम्हाला लांब आयर्नपेक्षा खूप उपयोगी पडेल, कारण जाड तळामुळे तो गवतात अडकत नाही. उतारावर मात्र तो बॅगेत ठेवा. 22 अंशांचा हायब्रिड 5 अंशांच्या उतारावर 17 अंशांचा होतो, आणि 17 अंशांच्या क्लबने बॉल जमिनीवरून उडवणं तुम्हाला अजून सपाटीवरही जमत नसणार. 22 किंवा 25 अंशांचा, साध्या शाफ्टचा (दांडीचा), वापरलेला मिळाला तरी चालेल. विकत घ्यायच्या आधी दुकानातल्या मॅटवर मारून बघू नका. कोणाचा तरी उसना घ्या, खारघरला आणा, आणि बॉल दोन इंच वर असलेली जागा शोधून दहा बॉल मारा. सातव्या-आठव्या बॉलला तुम्हाला कळेल.